गाडी मागें घेतांना कॅमेऱ्यावर किती विसंबावें?

गेल्या सुगींत आमच्या खळ्यावर घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतों. कारण हा लेख लिहिण्यास तीच कारण झाली आहे. तुरीची मळणी उरकली होती आणि पोतीं भरावयाचीं म्हणून माझ्या पुतण्यानें पिकअप गाडी मागें घेत राशीकडे आणली. गाडीस मागें कॅमेरा बसविलेला आहे, चालकापुढें त्याचा पडदा आहे, आणि त्या दिवशीं पडद्यावरील चित्र अगदीं स्वच्छ होतें. राशीच्या अलीकडे शेजारची एक वृद्ध बाई, जिला सारी आळी काकू म्हणते, गाडीकडे पाठ करून सुपानें तूर पाखडीत बसली होती. तिला ऐकूं कमी येतें. कोणीतरी ओरडलें, गाडी जागच्या जागीं थांबली, आणि काकू उठून बाजूला झाल्या तेव्हां त्यांचें सूप मागच्या चाकाखालीं चेपलेलें होतें. पुतण्या खालीं उतरला तो थरथरत होता. "काका, पडद्यावर कोणीच नव्हतें हो," एवढेंच तो पुनः पुनः सांगत राहिला.

तो खोटें बोलत नव्हता. पडद्यावर आमच्या गोठ्याची भिंत व तिच्यामागचा लिंब हीं दोन्ही स्पष्ट दिसत होतीं. चार दिवसांपूर्वीं कांद्याच्या गोण्या उतरतांना एका गोणीचा धक्का कॅमेऱ्याच्या पट्टीस लागला असावा. तोंड वर होऊन तो जमिनीऐवजीं झाडाकडे पाहूं लागला होता. चार दिवस ही गोष्ट कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं. कांचेवर चिखल बसला असता तर पडदा काळवंडला असता, आणि पुतण्यानें मान वळवून पाहिलें असतें, किंवा निदान खालीं उतरून कांच पुसली असती. चित्र स्वच्छ होतें, म्हणूनच तो फसला.

यावरून माझें असें स्पष्ट मत झालें आहे कीं, न जुळवलेला कॅमेरा हा कॅमेरा नसण्यापेक्षां अधिक घातक आहे. ज्याच्याजवळ कॅमेरा नाहीं तो भीत भीत मागें येतो, हांक मारतो, माणूस उभा करतो. ज्याच्याजवळ आहे तो पडद्यावर विश्वास टाकतो. आणि त्या विश्वासास पात्र राहण्यासाठीं यंत्राची जी निगा लागते ती आपल्यापैकीं फारच थोडे राखतात. नांगराचा फाळ, पेरणीची पाभर, फवारणीच्या पंपाची तोटी हीं कामाआधीं जुळवून घ्यावीं लागतात, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. कॅमेरा मात्र एकदां विकत घेतला कीं तो जन्मभर आपोआप खरें सांगेल, असा आपला समज आहे.

कांहीं वडीलधारे म्हणतील, आमच्या वाडवडिलांनीं बैलगाड्या कोणत्या कॅमेऱ्यानें मागें घेतल्या? प्रश्न रास्त आहे, पण त्यांत एक गोष्ट विसरली जाते. बैल सजीव आहे. पायाशीं मूल आलें तर बैल बिचकतो, अडतो, पाय उचलून धरतो. गाडीचें ओझें मागें रेटतांना गाडीवान स्वतः बैलांच्या तोंडापुढें उभा असतो आणि त्यास दोन्ही बाजू दिसतात. यंत्रास ही समज नाहीं, आणि चालक तर गाडीच्या अगदीं दुसऱ्या टोकाला बसलेला. भरलेल्या पिकअपचा आंतला आरसा मालामुळें निकामी होतो. बाजूचे आरसे बाजू दाखवतात, पाठीमागची जमीन दाखवीत नाहींत.

वाहनास मागचा डोळा देण्याची कल्पना नवी नाहीं. १९५६ सालीं ब्यूक कंपनीनें प्रदर्शनासाठीं तयार केलेल्या सेंच्युरियन नांवाच्या मोटारींत मागील आरशाऐवजीं दूरचित्रवाणीचा कॅमेरा बसविला होता. परंतु ती चैनीची वस्तु न राहतां कायद्याची बाब झाली ती एका दोन वर्षांच्या मुलामुळें. अमेरिकेंत २००२ सालीं कॅमेरॉन गुलब्रान्सन हा मुलगा घराच्याच आवारांत, स्वतःच्या वडिलांनीं मोटार मागें घेतांना, तिच्याखालीं सांपडून दगावला. वडील बालरोगतज्ज्ञ होते. त्या मुलाच्या नांवाचा कायदा २००८ सालीं मंजूर झाला, २०१४ सालीं त्याखालील नियम ठरला, आणि १ मे २०१८ पासून त्या देशांत दहा हजार पौंडांपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीस मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. नियम करतांना तेथील वाहतूक सुरक्षा खात्यानें जे आंकडे दिले ते आपल्या अंगणाशीं ताडून पाहण्याजोगे आहेत. हलक्या गाड्या मागें येतांना सांपडून त्या देशांत वर्षास सरासरी २१० माणसें मरत व सुमारें १५,००० जखमी होत. मेलेल्यांपैकीं ३१ टक्के पांच वर्षांखालील मुलें होतीं आणि २६ टक्के सत्तरीचीं वा त्यापुढचीं म्हातारीं माणसें. म्हणजे, ज्यांना चाहूल कळत नाहीं किंवा कळूनही चटकन् हलतां येत नाहीं, तींच.

आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींस मागील अडथळ्याचा इशारा देणारी योजना आवश्यक केली गेली, ही चांगली गोष्ट झाली. पण ती प्रवासी मोटारींपुरती आहे. ज्या गाड्या शेताच्या बांधावर, खळ्यावर आणि वस्तीच्या दारांत रात्रंदिवस मागें पुढें होतात, त्या ट्रॅक्टर-ट्रॉलींचा भार मालकाच्या विवेकावरच आहे.

आणि हा भार केवढा, हें उंसाच्या पट्ट्यांतील वाचकांस सांगावयास नको. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं बीडकडील व इतर भागांतील तोडणीच्या टोळ्या आपल्या फडाशेजारीं कोप्या घालून राहतात. त्यांचीं तान्हीं मुलें फडाच्या कडेला, पाचटावर, वाढ्यांच्या भाऱ्यांच्या आडोशास निजतात. ट्रॉली भरण्यास येते ती पहाटे किंवा रात्रीं. चालक जागरणानें पेंगुळलेला, उजेड फक्त पुढच्या दिव्यांचा, आणि गाडी घ्यावयाची ती मागें. ज्या मुलाची आई दोन सऱ्या पलीकडे कोयता चालवीत आहे, त्याच्यावर त्या क्षणीं लक्ष ठेवणारें कोणी असेलच असें नाहीं. आपण उंसाचे मालक आहों. आपल्या बांधावर जें घडेल त्याची जबाबदारी मुकादमावर ढकलून आपली सुटका होत नाहीं.

तेव्हां कॅमेरा बसवावा असेंच माझें म्हणणें आहे, पण तो जुळवून. ही जुळवणी अवघड नाहीं. दोन माणसें, थोडी फक्की आणि अर्धा तास एवढें पुरतें. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी. मागील कडेपासून मागें वीस फूट लांब व दहा फूट रुंद असा चौकोन फक्कीनें आंखावा; अमेरिकेच्या नियमांत कॅमेऱ्यानें दाखवावयाची जागा हीच धरली आहे, आणि आपणांसही ती सोयीची आहे. त्या नियमाच्या परीक्षेंत बत्तीस इंच उंचीचे खांब ठेवतात, कारण लहान मूल साधारण तेवढें असतें. आपण तेवढ्या उंचीचें भुश्शानें भरलेलें पोतें घ्यावें. एकानें तें चौकोनाच्या चारी कोपऱ्यांत, मध्यें, आणि शेवटीं अगदीं गाडीला लागून ठेवीत जावें. दुसऱ्यानें चालकाच्या जागीं बसून तें प्रत्येक ठिकाणीं दिसतें कीं नाहीं हें सांगावें. गाडीला लागून ठेवलेलें पोतें दिसत नसेल तर कॅमेऱ्याचें तोंड खालीं करावें. पडद्याच्या तळाशीं गाडीची स्वतःची कड, किंवा ओढकामाचा हुक, थोडासा दिसला पाहिजे. पुष्कळांस ती कड दिसणें म्हणजे जागा फुकट गेली असें वाटतें. उलट, आपली गाडी कोठें संपते हें पडद्यावर कळलें नाहीं तर समोरची वस्तु किती दूर आहे हें कळणार कसें?

नंतर दुसऱ्या माणसानें गाडीच्या उजव्या बाजूस उभें राहून हात वर करावा. तो पडद्याच्याही उजव्या बाजूस दिसला पाहिजे. मागचा कॅमेरा आरशाप्रमाणें उलटें चित्र दाखवील असाच असावा लागतो. साधा कॅमेरा बसवला तर डावें उजवें होतें आणि चालक नेमका नको त्या बाजूस चाक वळवतो. बाजारांतील बऱ्याच कॅमेऱ्यांस यासाठीं एक लहान वायर दिलेली असते, ती जोडल्यानें वा तोडल्यानें चित्र फिरतें. बसवून देणाऱ्यानें हें न पाहतां पैसे घेतले, असें माझ्या पाहण्यांत आलें आहे.

पिकअपवाल्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. कॅमेरा मागील फाळक्यावर बसवूं नये. फाळका खालीं सोडला कीं कॅमेरा एकतर जमिनीला नाक लावतो, नाहींतर झांकला जातो. आणि माल भरण्या-उतरण्याच्या वेळीं, म्हणजे माणसें गाडीभोंवतीं असतात नेमक्या त्या वेळीं, आपण आंधळे होतों. तो खालच्या सांगाड्यावर, नंबरपट्टीच्या आसपास असावा.

आतां पडद्यावरील रंगीत रेघांविषयीं. लाल, पिवळ्या, हिरव्या रेघा पाहून चालकास वाटतें कीं अंतर मोजून मिळालें. या रेघा रिकाम्या गाडीस व सपाट जमिनीस धरून काढलेल्या असतात. गाडीच्या पाठीमागें जमीन चढती असेल तर तिच्यावरील माणूस पडद्यावर आहे त्याहून दूर भासतो. उतरती असेल तर जवळ भासतो. त्यांत निदान धोका नाहीं. गाडी भरली कीं पाटे दबतात, मागची बाजू बसते, कॅमेरा खालीं झुकतो, आणि पुनः तेंच होतें: वस्तु आहे त्याहून दूर दिसते. म्हणजे रिकाम्या गाडीवर जुळवलेला कॅमेरा भरल्या गाडीवर फसवतो, आणि फसवतो तो नेमका धोक्याच्या बाजूला. जी गाडी बहुधा भरलेलीच मागें घ्यावी लागते, तिची परीक्षा भरल्या अवस्थेंत पुनः एकदां घ्यावी आणि लाल रेघ प्रत्यक्षांत किती फुटांवर पडते तें चालकानें पाठ करून ठेवावें. शिवाय रेघा जमिनीवरच्या असतात. दुसऱ्या ट्रॉलीचा बाहेर आलेला फाळका, लोंबता ऊंस, किंवा झुकलेली फांदी ही अधांतरीं असते. तिचें अंतर रेघांवरून काढूं गेल्यास टक्कर ठरलेलीच.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस तर या रेघा निरुपयोगीच समजाव्या. ट्रॉली मागें येतांना सुकाणूच्या उलट दिशेस वळते, आणि पडद्यास याचा पत्ता नसतो. ट्रॉलीवर कॅमेरा लावावयाचा तो केवळ मागें कोणी आहे कीं नाहीं एवढें पाहण्यासाठीं. दोन ट्रॉल्या एकामागें एक जोडून मागें घेण्याचा मोह कोणीही धरूं नये. दुसरी सोडावी, मग काय तें करावें. कॅमेरा ट्रॅक्टरवरच ठेवून ट्रॉलीकडे पाहणें म्हणजे ट्रॉलीची पुढची फळी पाहत बसणें होय, हें सांगावयाचें कारण असें कीं तसे लावलेले कॅमेरे मीं पाहिले आहेत. ट्रॉलीवरील कॅमेऱ्याची वायर ट्रॅक्टरपर्यंत आणतांना वळणापुरती ढील द्यावी, पण ती लोंबूं देऊं नये. पाचटांत अडकून पहिल्याच खेपेस तुटते.

ट्रॅक्टरच्या बाबतींत विजेचा एक प्रश्न येतो. मोटारींत मागचा गिअर पडला कीं मागील पांढरा दिवा लागतो, आणि त्याच वायरीवरून कॅमेरा व पडदा जागे होतात. पुष्कळ ट्रॅक्टरांस असा दिवा नसतो. मग वेगळी कळ बसवितात, आणि घाईंत ती दाबावयाची राहून जाते. त्यापेक्षां जोडणी चावीच्या लाइनवरून, मध्यें लहान फ्यूज घालून करावी, म्हणजे यंत्र चालू असेतों चित्र दिसत राहील. उघड्या ट्रॅक्टरवर दुपारच्या उन्हांत पडदा पांढरा पडतो. त्यावर पत्र्याची चार बोटांची झांपड लावणें हा सोपा उपाय आहे.

निगेचें म्हणाल तर ती दिवसाची अर्ध्या मिनिटाची आहे. सकाळीं इंजिनाचें तेल पाहतों त्याच वेळीं कॅमेऱ्याची कांच पुसावी. आधीं पाणी ओतून चिखल सैल करावा, मग मऊ सुती फडक्यानें पुसावें. वाळलेला चिखल नखानें किंवा बोरीनें खरडला तर कांचेवर ओरखडे पडतात, आणि रात्रीं प्रत्येक दिव्याभोंवतीं तेज पसरून कांहींच दिसत नाहीं. डिझेल, पेट्रोल, रंगाचें थिनर हीं कांचेस लावूं नयेत. गाडी धुतांना जोराच्या पाण्याची पिचकारी जवळून कॅमेऱ्यावर धरूं नये. कॅमेऱ्यावर आयपी ६७ असें लिहिलेलें असेल तर तो धुळीस व थोड्या वेळच्या बुडण्यास टिकतो. जोराच्या पिचकारीस टिकतो तो आयपी ६९के. ज्यांच्या ट्रॉल्या रोज धुतल्या जातात त्यांनीं चार पैसे जास्त देऊन दुसरा घ्यावा. ज्यांत रात्रीं दिसण्यासाठीं बारीक दिवे असतात त्यांच्याभोंवतीं किडे जमतात, किड्यांमागें कोळी येतो, आणि त्याचें जाळें पडद्यावर दाट धुक्यासारखें दिसतें.

कांचेच्या आंतून वाफ धरलेली दिसली तर डबीची सील गेली असें समजावें. उन्हांत ठेवल्यानें एकदां जाईल. पुनः आली तर कॅमेरा बदलावा. चित्रांत आडव्या लाटा येऊं लागल्या, विशेषतः दिवे लावल्यावर, तर बहुधा अर्थिंग सैल असतें. तो बोल्ट काढून, गंज घासून, पुनः आवळावा. चित्र मध्येंच जातें येतें तेव्हां जोडाच्या पिनांवर हिरवट थर चढलेला आढळतो. पावसाळ्यांत गाडी महिना-दोन महिने उभी राहिली असेल तर वायरी उंदरांनीं कुरतडल्या आहेत का, हें आधीं पाहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पट्टीचे नटबोल्ट. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानें साधा नट आठ दिवसांत सैल होतो. आंत नायलॉनचें कडें असलेला नट घालावा, आणि जुळवणी झाल्यावर पट्टीवर व सांगाड्यावर मिळून रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली कीं कॅमेरा हलला. आमच्या गाडीवर ही रेघ आतां आहे. ती मारण्यास माझ्या घरांत एक सूप चेपावें लागलें.

इतकें करूनही मागें माणूस उभा करण्याची चाल सोडूं नये, असें माझें ठाम म्हणणें आहे. "येऊं दे, येऊं दे" म्हणणारा क्लिनर हल्लीं कॅमेऱ्यामुळें अनावश्यक ठरवूं लागले आहेत. कॅमेरा गाडीच्या मागची जमीन दाखवतो. ट्रॉलीच्या दोन चाकांच्या मध्यें सांवलीसाठीं बसलेलें पोर तो दाखवीत नाहीं, आणि बाजूनें धांवत येणारें पोर दाखवतो तें उशीरा. मात्र उभा राहणाऱ्यानें चालकाच्या बाजूच्या आरशांत दिसेल असें उभें राहावें, गाडीच्या सरळ मागें कधींही नाहीं. आणि तो दिसेनासा झाला कीं चालकानें ब्रेक दाबावा, मग पडद्यावर कांहींही दिसो.

संस्थेच्या चालकांस माझी एक सूचना आहे. सभासदांच्या गाड्या खंडेनवमीस धुवून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पूजल्या जातात. (त्या माळांपैकीं एक नेमकी कॅमेऱ्यावर लोंबत असते आणि दसऱ्यानंतर आठ दिवस कोणी काढीत नाहीं, हें ओघानें सांगून ठेवतों.) त्यानंतर थोड्याच दिवसांत गळीत सुरू होतें. तेव्हां खंडेनवमीच्या आधींच्या आठवड्यांत गोदामापुढील फरसबंद जागेंत वीस फूट लांब व दहा फूट रुंद असा चौकोन पक्क्या रंगानें आंखून ठेवावा, भुश्शाचीं दोन पोतीं द्यावींत, आणि एका जाणत्या मिस्त्रीस तीन दिवस तेथें बसवावें. सभासदानें गाडी आणावी, एकदां रिकामी व एकदां खताच्या गोण्या भरून ती त्या चौकोनापुढें लावावी, आणि कॅमेरा जुळवून, नटावर रेघ मारून न्यावी. ज्या ट्रॉलींस संस्थेचें कर्ज आहे त्यांच्याकरितां ही परीक्षा कर्जाच्या अटींत घातली तरी मला गैर वाटणार नाहीं. मिस्त्रीची तीन दिवसांची मजुरी, एक डबा रंग आणि दोन पोतीं भुस्सा याहून अधिक खर्च यांत दिसत नाहीं. भुस्सा हवा असल्यास तो आमच्या खळ्यावरून नेण्यास हरकत नाहीं.